गृहपाठ राहू दे, आधी वाचता येऊ दे

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं तिनं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे. त्यातलं मुख्य ते असं :

‘ताई, एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) आम्ही पाचजण ऑगस्टपासून जवळच्या तांड्यावर जातो. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत शाळा सुटल्यावर लेकरांना शिकवतो. पहिली ते चौथी सगळी एकत्र बसतात. सुरुवातीला तीस लेकरं यायची, आता दहा-बारा येतात. आमच्यातले तिघं फोटोपुरते येतात. सगळा वेळ गृहपाठ पूर्ण करून घेण्यात जातो. चौथीतला एक मुलगा धडा घडाघडा म्हणतो, पण मी मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की गप्प होतो. दुसरा एक सारखा मारामारी करतो. आईवडील म्हणतात, इंग्रजी शिकवा. मी काही डी.एड. केलेलं नाही. नोव्हेंबरात माझी परीक्षा आहे. मैत्रीण म्हणते, तासाभरानं कुणाचं काय भलं होतंय? मी हे बंद करावं का?’

बाळा, बंद करू नकोस. पण आत्ता चाललंय तसं चालवूही नकोस.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ‘मधल्याच शब्दावर बोट ठेवलं’ ही आहे. तिथं तुला खरं दुखणं सापडलं. प्राथमिक शाळेत इतकी वर्षं काढल्यावर खात्रीनं सांगते, वहीकडे बघून लेकरू वाचतं की नाही हे कळत नाही. फळ्यावरचं अक्षर अन् अक्षर वहीत उतरवणारी, वळणदार लिहिणारी, शेरा ‘छान’ मिळवणारी कितीतरी लेकरं त्यातला एक शब्द वाचू शकत नाहीत. त्यांच्यासाठी ते चित्र काढणंच असतं. धडा तर कानानं पाठ होतो, वर्गात रोज म्हटला जातो म्हणून. तू गृहपाठ करून घेतेस म्हणजे उत्तर तू सांगतेस आणि लेकरू ते उतरवून घेतं. वही भरते, सर खूश, आईबाप खूश. न वाचता येणं मात्र अजून वर्षभर झाकलं जातं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की तुमच्या वर्गातून गृहपाठ बाहेर काढा. मुख्याध्यापकांना भेटून स्पष्ट सांगा, ‘सर, आम्ही दिवाळीपर्यंत फक्त वाचन आणि थोडं गणित घेणार. गृहपाठाचं आमच्याकडे नको.’ बहुतेक सरांना हे पटतं. एका शिक्षकावर दोन-दोन वर्ग असताना प्रत्येक लेकराजवळ बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? तुमच्याकडे तोच एक वेळ आहे.

हे दुखणं तुमच्या तांड्यापुरतं आहे असं समजू नकोस. ‘असर’ या शाळकरी मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या २०२४च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी ४८.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं पाचवीत पोचूनही दुसरीचं पुस्तक सरळ वाचू शकत नाहीत. या लेकरांमध्ये बुद्धीची कमी नाही. वर्ग पुढे गेला, ती मागे राहिली, आणि मागे वळून बघायला कुणाला सवड झाली नाही.

आता हे करा. एक संध्याकाळ शिकवू नका, फक्त ऐका. तुम्ही जितके असाल तितकेजण वेगवेगळ्या कोपऱ्यात बसा आणि एकेका लेकराला जवळ बोलवा, बाकीच्यांना मैदानात खेळू द्या. आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा साधा परिच्छेद पुढे ठेवा. तो जमला तर दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट द्या. परिच्छेद नाही जमला तर साधे शब्द, तेही नाही जमले तर सुटी अक्षरं. ‘असर’ची माणसं गावोगाव अशीच तपासणी करतात, त्यांचे मराठी तक्ते मोफत मिळतात. एका लेकराला पाच मिनिटं पुरतात. चुकलं तरी चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, शेजारच्यानं हसायचं नाही. वहीत लेकराच्या नावापुढे एकच शब्द लिहायचा : अक्षर, शब्द, परिच्छेद किंवा गोष्ट. ज्याला अक्षरंही येत नाहीत त्याच्या नावापुढे ‘सुरुवात’.

मग इयत्ता विसरा. ज्याच्या नावापुढे ‘अक्षर’ आहे तो चौथीतला असो की दुसरीतला, एका गटात. हे बोलायला सोपं, करायला नाजूक. चौथीतला मुलगा दुसरीच्या पोरांत बसायला लाजतो. त्याला वाटप, हजेरी, चटया अंथरणं असलं मानाचं काम दे. गटांना ‘हुशार’, ‘कच्चे’ असली नावं चुकूनही देऊ नका. पिंपळ, लिंब, बोर अशी झाडांची नावं द्या. पंधरा दिवसांनी परत ऐका आणि ज्याचं पुढे गेलं त्याला वरच्या गटात हलवा. ती हालचाल लेकरं फार बारकाईनं बघतात, आणि ‘माझी कधी?’ म्हणत स्वतःहून येऊ लागतात.

तू विज्ञानाची आहेस, शिकवायचं कसं हे विचारशीलच. अक्षरगटासाठी क-ख-ग-घ ओळीनं घोकत बसू नका. चार-पाच अक्षरं आणि काना घ्या. म, क, न, ल घेतलं तर पहिल्याच संध्याकाळी मका, काका, मामा, नाक, कान, लाल, कमल, नाला एवढे शब्द लेकरू स्वतः जुळवून वाचतं. ‘मामाला मका’ हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वाचलेलं वाक्य असू शकतं. तेव्हा त्याचा चेहरा बघ, परीक्षेतले मार्क विसरशील. मग वेलांटी आणि पुढची अक्षरं, असं वाढवत जायचं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्यांत लेकरं हमखास अडकतात. त्या एकाच दिवशी शिकवू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या. जोडाक्षरं शेवटी.

शब्दगटासाठी यापेक्षा गोड काम आहे. लेकराला विचारायचं, काल काय झालं? ते म्हणेल, ‘आमची शेळी हरवली.’ तेच वाक्य मोठ्या अक्षरात त्याच्यासमोर लिहायचं, त्याच्याकडूनच बोट ठेवून वाचून घ्यायचं, आणि तो कागद त्याला घरी न्यायला द्यायचा. वाक्य त्याचंच असल्यामुळे ते त्याला परकं वाटत नाही. पंधरा-वीस कागद झाले की दोऱ्यानं शिवायचे, वर त्याचं नाव. घरातलं पहिलं पुस्तक तेच होतं.

इथं तांड्याची गोष्ट आली. त्या लेकरांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलली जाते. त्यांची आई ‘याडी’ असते. पहिलीत आल्यावर पुस्तकातली मराठी त्यांना जवळजवळ नव्यानं शिकावी लागते, आणि हे लक्षात न घेता आपण त्यांना मंद ठरवतो. त्यानं ‘याडी’ म्हटलं तर ‘याडी’च लिही. ते वाचता आलं की शेजारी ‘आई’ लिही. चुकीचं बोलतोस असं कधी म्हणू नकोस. तुला गोरमाटीतले दहा-पंधरा शब्द त्यांनीच शिकवू देत. रोज एक विचार, वहीत लिहून घे, दुसऱ्या दिवशी म्हणून दाखव. ज्याला शिकवता येतं त्याला शिकायची भीती कमी वाटते.

गणितात एवढंच. चौथीच्या लेकरानं बासष्ट सांगितल्यावर २६ लिहिलं तर रागावू नकोस. कानाला आधी ‘बा’ ऐकू येतो, म्हणून हात आधी दोन लिहितो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असंही वाचायला सुचवलं, त्यावर राज्यभर किती वाद झाला ते तुला आठवत असेल. त्या सुचवण्यामागची अडचण मात्र खरी आहे. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लाव. सहा गठ्ठे, दोन सुट्या काड्या. हाताला गठ्ठा कळला की संख्या कळते, बेरजेतला हातचाही तिथंच कळतो.

पुस्तकांसाठी पैसे लागत नाहीत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोफत उतरवता येतात, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीत पातळीनुसार चित्रगोष्टी आहेत. पण त्याआधी शाळेतलं कपाट बघ. बहुतेक शाळांत शासनानं पाठवलेली गोष्टींची पुस्तकं फाटतील या भीतीनं कुलपात असतात. सरांना हात जोडून मागा, नोंद ठेवू म्हणा. फाटलेली पुस्तकं डिंकानं चिकटवता येतात.

‘मी डी.एड. केलेलं नाही’ याचं उत्तर मोठ्या माणसांनी अभ्यास करून दिलेलं आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ संस्थेनं गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर ते वर्ग तपासले. वर्गाला आलेल्या लेकरांचं वाचन स्पष्ट सुधारलं होतं. शिकवणारे तुझ्यासारखेच होते. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट निघाली, ती मैत्रिणीला नाही तर तुला सांगते : गावातली फारच थोडी लेकरं त्या वर्गांना आली. तासाभरानं फरक पडतो, पण लेकरू त्या तासाला तिथं असायला हवं. म्हणून तीसची दहा का झाली, हा प्रश्न शिकवण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

ती वीस कुठं गेली हे घरोघर जाऊन बघ. दोन संध्याकाळी यालाच दे. आधी तांड्याच्या नाईकाला भेट, मग घरं. शाळा पाचला सुटते, खिचडी दुपारीच खाल्लेली, लेकरू भुकेनं कळवळलेलं असतं. त्याला घरी जाऊन भाकरीचा तुकडा खाऊन येऊ दे, वर्ग साडेपाचला घे. मुली येत नसतील तर त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असेल. ‘त्याला घेऊनच ये’ असं आईसमोर सांग, आणि वर्गात एक चटई त्या बारक्यांसाठी टाक. गोंगाट होईल, होऊ दे. ती मुलगी घरी राहिली तर तिची शाळा याच वयात सुटायला लागते. कुणी शेळ्या आणायला जात असेल. सोयाबीन काढणीला आलं की पंधरा दिवस अर्धी लेकरं रानात दिसतील. त्या दिवसांत हजेरी कमी म्हणून मन खट्टू करू नकोस.

आणि दसऱ्यानंतर? तुझ्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण बीड जिल्ह्यातला तांडा आहे म्हटल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यावर निघतील, कोयत्याबरोबर लेकरंही जातील, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतील. कुठली लेकरं जाणार ते आत्ताच विचारून ठेव. ज्यांच्या घरी आजी-आजोबा मागे राहणार आहेत त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हे मुख्याध्यापकांना विचार. त्यासाठी शाळेकडून प्रस्ताव वेळेत जावा लागतो. जी जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी पत्रक मिळालं आहे याची सरांकडे खात्री कर, म्हणजे कारखान्याच्या भागातल्या शाळेत त्यांना बसवून घेतात. आणि त्यांच्या पिशवीत ते शिवलेलं पुस्तक, दोन गोष्टींची पुस्तकं, एक वही, पेन्सिल बांधून दे. बापाच्या मोबाइलवर आठवड्यातून एकदा फोन करून ‘आज काय वाचलंस, वाचून दाखव’ एवढं विचारलंस तरी धागा तुटत नाही. उसाच्या फडात बसून कुणीतरी आपल्याला वाचून दाखवायला सांगतंय, याचं त्या लेकराला काय वाटेल याचा विचार कर.

मारामारी करणाऱ्या मुलाबद्दल तू अर्धं पान लिहिलंस. त्याला हात लावायचा नाही, कोंबडा करायचा नाही, सगळ्यांसमोर टाकून बोलायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. तो नेमका कधी उठतो ते दोन दिवस बघ. माझा अंदाज आहे, वाचायची पाळी जवळ आली की तो भांडण काढत असेल. वाचता येत नाही हे उघडं पडण्यापेक्षा त्याला ‘मारकुटा’ म्हणवून घेणं सोपं जातं. तसं असेल तर त्याचं वाचन आठ दिवस एकट्याचं, सगळे गेल्यावर ऐक. आणि तसं नसेल, अंगावर वळ दिसले, काही विचित्र बोलला, किंवा एखाद्या मुलीच्या लग्नाची कुजबुज कानावर आली, तर ते मनात ठेवू नकोस. तुमच्या एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना सांग, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळव. एकटी चौकशी करायला जाऊ नकोस.

इंग्रजी मागणाऱ्या आईबापांवर नाराज होऊ नकोस. ज्यांनी आयुष्यभर कोयता चालवला त्यांना लेकरू यातून सुटावं असं वाटतं, आणि इंग्रजी हाच त्यांना दिसलेला रस्ता आहे. त्यांच्याशी वाद न घालता दिवाळीआधी, माणसं कारखान्यावर निघायच्या आत, एक संध्याकाळ ठरव. सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर सगळ्यांना बोलाव आणि लेकरांना पाठ नसलेली, नवी गोष्ट वाचायला दे. ज्याला फक्त चार शब्द येतात त्यानं चारच वाचायचे. आपल्या पोराला कधीच न ऐकलेलं वाचताना ऐकलं की आईबापांना वेगळं पटवावं लागत नाही. मग दहा मिनिटं इंग्रजी बोलणं, वस्तूंची नावं, एखादं गाणं घ्यायला हरकत नाही.

आता तुमच्या पाचजणांचं. जे तिघं फोटोपुरते येतात त्यांना एकदा शांतपणे विचारा, आठवड्यातून एक ठरलेला वार देता का? जो देईल तो गटात, जो देणार नाही त्यानं येऊच नये. अधूनमधून उगवणारा माणूस लेकरांना जास्त दुखावतो. ती वाट बघतात. आणि लेकरांचे फोटो स्टेटसवर टाकणं आजपासून बंद करा. एनएसएसच्या अहवालाला लागेल तेवढा एक फोटो सरांच्या परवानगीनं, चेहरे न दाखवता.

तास मोजून बघ. एनएसएसला वर्षाला १२० तास लागतात. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास दिलेस, जाण्यायेण्याचा वेळ सोडून, तर वीस आठवड्यांत ते भरतात. रोज जाण्याची प्रतिज्ञा करू नकोस. सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हटलं की ते तीनच, पण चुकायचे नाहीत. परीक्षेचे तीन आठवडे तू येणार नाहीस हे लेकरांना महिनाभर आधी सांग, भिंतीवर कॅलेंडर लावून त्या तारखांना गोल कर, परत येण्याच्या तारखेलाही. त्या काळात दुसऱ्या जोडीदाराचे वार वाढवा. लेकरांना सुट्टी समजते. न सांगता गायब होणं समजत नाही. तुझा अभ्यास सोडून हे करावंस असं मी कधीच म्हणणार नाही. तू नापास झालीस तर तुझ्या घरचे दुसऱ्याच दिवशी हा वर्ग बंद करतील, आणि त्यांचं चूक असणार नाही.

घरच्यांवरून आठवलं. थंडीत सहालाच अंधार पडतो. तेव्हा वर्ग साडेपाचऐवजी पाचला घे, खायला गूळ-शेंगदाणे तिथंच दे, आणि शेवटच्या एस.टी.चा भरवसा न धरता आधीच्या गाडीनं निघ. एकटी जाऊ-येऊ नकोस. वर्ग खोलीत असेल तर दार उघडं, नाहीतर सरळ व्हरांड्यात. महाविद्यालयाचं पत्र, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत झालेली नोंद, हे तीन कागद तुमच्याकडे नसतील तर या आठवड्यात करून घ्या. समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात. त्यांच्या कानावर घालून केलेल्या कामाला तांडा आपलं म्हणतो, आणि उद्या काही कुरबुर झाली तर तुमच्या बाजूनं बोलायला माणसं असतात.

येत्या सोमवारी ऐकण्याची संध्याकाळ घे. त्या चौथीतल्या, धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलापासून सुरू कर, पण सगळ्यांत पहिला बोलावू नकोस. तिसरा-चौथा बोलाव, म्हणजे त्याला आपल्यालाच पकडलंय असं वाटणार नाही. आणि यादी झाली की कोण कुठल्या पातळीवर आहे ते मला लिहून पाठव, लेकरांची नावं न लिहिता. कुठल्या गटाला आधी हात घालायचा ते ती यादी बघून सांगते.